बु. आणि खु. यांच्यातलं अंतर

इंद्रायणीच्या काठी चऱ्होली नावाची दोन गावं आहेत. चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलं, चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात राहिलं. पूर्ण नाव लिहायचा कंटाळा कारकुनालाही आणि आपल्यालाही, म्हणून कागदोपत्री नुसतं ‘बु.’ आणि ‘खु.’ फारसीतल्या बुजुर्ग आणि खुर्द या शब्दांचे हे उरलेसुरले तुकडे. थोरलं गाव, धाकटं गाव.

आता हीच नावं संगणक कशी पाहतो ते बघा. दोन शब्दांतलं अंतर मोजायची एक रीत व्लादिमिर लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ साली मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचं. ‘चऱ्होली बु.’चं ‘चऱ्होली खु.’ करायला फक्त ब काढून ख ठेवायचा. अंतर एक. मग एकाच चऱ्होलीची दोन टंकलेखनं घ्या. त्या नावात ह ला चिकटलेला जो आडवा र आहे, तो एका कळफलकावर ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडून उमटतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मागोमाग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, अशा तीन तुकड्यांनी उमटतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एकाचं दुसरं करायचं तर ऱ चा र करा आणि ते अदृश्य चिन्ह घाला. अंतर दोन. म्हणजे यंत्राच्या लेखी चऱ्होली बुद्रुक स्वतःपासून दोन पावलं लांब आहे आणि शेजारच्या गावापासून एकच.

हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. एका लहानशा संस्थेसाठी पुणे जिल्ह्यातल्या वाचनालयांची यादी जुळवायला बसलो होतो. यादी म्हणजे खरं तर दोन याद्या, दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या. एकीत ‘गावाचे नाव’ असा रकाना, दुसरीत ‘मु. पो.’ आणि त्याच ओळीत तालुका, पिनकोड, एखाद्या ठिकाणी ‘एसटी स्टँडमागे’. एकीत ‘अध्यक्ष’, दुसरीत ‘संपर्क’. मी ठोकून दिलं की संपर्क म्हणजे अध्यक्षच असणार. महिनाभरानं कळलं की निम्म्या ठिकाणी तो ग्रंथपाल होता, काही ठिकाणी तर ग्रंथपालाचा मुलगा, कारण मोबाइल त्याच्याकडे. आणि अध्यक्ष वकील असले की नवाच घोळ. नावामागचं ‘ॲड.’ तीन तऱ्हांनी लिहिता येतं: २००८ मध्ये युनिकोडात आलेलं अखंड ॲ, साधा अ आणि वर अर्धचंद्र, किंवा हिंदीकडचा ऍ. युनिकोडचं स्वतःचं प्रमाणीकरण लावलं तरी ही तिन्ही रूपं एक होत नाहीत.

या कामाचे दोन भाग पडतात. ही ओळ आणि ती ओळ एकाच गावाची आहे का, हा एक प्रश्न. या यादीतला हा रकाना आणि त्या यादीतला तो रकाना एकाच गोष्टीबद्दल बोलतात का, हा दुसरा. दुसरा संगणकशास्त्रात स्कीमा मॅपिंगमध्ये मोडतो. दोन्हींसाठी ओपन सोर्स हत्यारं आहेत, फुकट आहेत आणि चांगली आहेत. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. ती हत्यारं आपण वाढवतो कशी, याबद्दल आहे. अशी हत्यारं वाढवायची म्हणजे त्यांना आणखी बटणं लावायची, आणखी चलाख जुळणी घालायची, असं सगळे धरून चालतात. मला वाटतं वाढवायला हवेत ते सांधे, आणि त्या सांध्यांपाशी जे निर्णय होतात त्यांची नोंद.

ओपनरिफाइनचंच घ्या, मी वापरलं ते. मेटावेब नावाच्या कंपनीत डेव्हिड ह्विन आणि स्तेफानो माझ्झोक्की यांनी ते ‘ग्रिडवर्क्स’ या नावानं तयार केलं. मेटावेबचा फ्रीबेस हा जगातल्या व्यक्ती, स्थळं, पुस्तकं, सिनेमे यांचा प्रचंड खुला कोश होता, आणि त्यात माहिती ओतायची तर आधी ती निवडून-पाखडून घ्यावी लागे. २०१० मध्ये गुगलनं मेटावेब विकत घेतली आणि ग्रिडवर्क्सचं ‘गुगल रिफाइन’ झालं. २०१२ मध्ये गुगलनं अंग काढून घेतलं, तेव्हा ते ‘ओपनरिफाइन’ होऊन स्वयंसेवकांच्या पदरात पडलं. २०१५ मध्ये फ्रीबेस नव्या नोंदींना बंद झाला आणि पुढच्या वर्षी पुरताच आवरला. मालक गेला, ज्या विहिरीसाठी रहाट केला ती विहीर बुजली, आणि रहाट अजून फिरतो आहे.

तो फिरतो याचं एक कारण त्यातल्या एका सांध्यात आहे. ओपनरिफाइन बाहेरच्या एखाद्या सेवेला नावं पाठवून विचारतं: ही कोण? सेवा उमेदवारांची यादी आणि प्रत्येकापुढे गुण, असं उत्तर देते. आधी उत्तर देणारा एकटा फ्रीबेस होता. पण सवाल-जवाबाची रीत इतकी साधी ठेवली होती की उत्तर देणारा कुणीही होऊ शकत होता. फ्रीबेस गेला तर विकिडेटा हा तसाच खुला कोश आला. कलेच्या इतिहासासाठी गेटी संस्थेचे शब्दसंग्रह आले. ज्याच्याकडे आपली एक यादी आहे, त्यानं आपल्यापुरतीच सेवा चालवली. २०१९ पासून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या छत्राखाली एक गट ही रीतच प्रमाण म्हणून लिहून काढतो आहे. ओपनरिफाइनला हात न लावता त्याला वाढवण्याची ही वाट आहे. गंमत अशी की हत्याराच्या पोटात शिरून केलेल्या वाढीपेक्षा ती जास्त टिकते.

पोटात शिरून केलेल्या वाढीचं उदाहरणही इथंच आहे. आयर्लंडमधल्या गॉलवे इथल्या संशोधकांनी तक्त्यांतली माहिती आरडीएफ या जाळेवजा रूपात उतरवण्यासाठी एक एक्सटेन्शन केलं. कुठला रकाना कुठल्या संकल्पनेशी जोडायचा, ते त्यात चित्रासारखं आखता येई. स्कीमा मॅपिंगचं इतकं सुबक दर्शन मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे. पण त्याची मुळं ओपनरिफाइनच्या आतल्या रचनेत गेलेली. आतली रचना बदलत गेली, मूळ मंडळी दुसऱ्या कामांना लागली, आणि नव्या आवृत्तीशी ते जुळतं ठेवायला वेगळीच माणसं उभी राहिली तेव्हा कुठे ते वाचलं. वाड्याची भिंत फोडून काढलेली खोली आणि अंगणात बांधलेली खोली, यांतला हा फरक. भिंत फोडलेल्या खोलीत ऐसपैस वाटतं, पण वाड्याचं आढं बदललं की पहिली गळती तिलाच लागते.

मग मराठीसाठी काय करायचं? ओपनरिफाइनमध्ये एकसारखी नावं शोधायची एक साधी, लाडकी पद्धत आहे: नावाचा ‘ठसा’ काढणं. कडेची मोकळी जागा काढा, मोठी-छोटी लिपी एक करा, विरामचिन्हं पुसा, शब्द सुटे करून वर्णक्रमानं लावा, दुबार आलेला शब्द टाका. दोन नावांचे ठसे सारखे आले की बहुधा नाव एकच. उच्चारावरून जुळवणाऱ्या पद्धतीही आहेत. त्यांचा मूळपुरुष साउंडेक्स, अमेरिकेत १९१८ साली पेटंट झालेला, इंग्रजी आडनावांसाठी. जर्मनसाठी कलोन शहराच्या नावाची पद्धत आहे. मराठीसाठी यांत काही नाही, आणि ते मराठी माणसानं केल्याशिवाय येणारही नाही, कारण इथं लागतं ते गणित थोडं आणि वळण जास्त.

ठशाच्या पायऱ्याच बघा. विरामचिन्हं पुसण्याची पायरी आधी आली तर ‘बु.’चा ठिपका जातो आणि उरतो नुसता ‘बु’, ज्याला काही अर्थ नाही. म्हणून आधी ‘बु.’, ‘बुद्रुक’, ‘बु॥’ हे सगळं एका रूपात आणायचं आणि मगच ठिपके पुसायचे. ॲ-अॅ-ऍ एक करायचे. ऱ ची दोन्ही रूपं एक करायची. अनुस्वार आणि परसवर्ण, पिंपरी आणि पिम्परी, एक करायचे. ऱ्हस्व-दीर्घ? इथं मी अडखळतो. गावांच्या नावांत ऱ्हस्व-दीर्घ झटकून टाकलं तर फायदा जास्त, कारण पाटीवर एक आणि सहीशिक्क्यावर दुसरं असतंच. पण माणसांच्या नावांत तोच नियम लावला तर दिनेश आणि दीनानाथ यांचे संक्षेप एकत्र मिसळायला लागतात. ‘वाडी’, ‘वस्ती’, ‘तांडा’ हे शब्द फालतू समजून काढायचा मोह होतो, आणि तिथंच फसगत होते, कारण अमुक गाव आणि अमुकवाडी ही बहुतेक वेळा दोन गावं असतात. अंतर मोजण्याचा आकडा एकवर ठेवा की दोनवर, या वादात हे ज्ञान मावत नाही.

हे ज्ञान आज कुठं आहे? तालुक्याच्या कचेरीतल्या एका अव्वल कारकुनाच्या डोक्यात. एखाद्या पत्रकाराच्या लॅपटॉपमधल्या ‘फायनल_नवी_२’ नावाच्या एक्सेलमध्ये. कुणा संशोधक मुलीच्या प्रबंधासोबत जमा झालेल्या आणि नंतर कुणी न उघडलेल्या स्क्रिप्टमध्ये. मीही त्यातलाच. वाचनालयांची यादी झाली, संस्थेला दिली, आणि बु.-खु.चे माझे नियम माझ्याच यंत्रात राहिले. हत्यार खुलं, माहिती खुली, आणि मधला जोड मात्र खाजगी. ओपन सोर्सबद्दल आपण बोलतो तेव्हा हा जोड हिशेबातच धरत नाही.

जोडाचा विचार सिद्धान्तानं पुष्कळ केला आहे. आयबीएमच्या आल्मादेन प्रयोगशाळेत आणि टोरांटो विद्यापीठात मिळून ‘क्लिओ’ नावाचं काम झालं: डावीकडे एक रचना, उजवीकडे दुसरी, माणसानं बाण काढायचे आणि त्या बाणांवरून माहिती हलवणारी आज्ञावली यंत्रानं लिहायची. त्यातून रोनाल्ड फेगिन आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्न विचारला, जो दिसायला शाळकरी आहे. पहिल्या रचनेतून दुसरीत जायचे बाण आहेत, दुसरीतून तिसरीत जायचेही आहेत. मग पहिलीतून थेट तिसरीत जायचे बाण त्याच भाषेत लिहिता येतील का? उत्तर: नेहमीच नाही. बाणांची साधी भाषा तोकडी पडते, अधिक बळाचं तर्कशास्त्र लागतं. आणि बाण उलटे फिरवून मूळ जागी परत येता येईल का? बहुधा नाही, वाटेत काहीतरी सांडलेलं असतं.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे पटवायला प्रमेय लागत नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती आणि राज्यात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा निघाला. आता २०११ चा ‘ठाणे’ रकाना आजच्या ‘ठाणे’ रकान्याला जोडणारा बाण सरळ दिसतो, नावही तेच आहे, आणि तो चूक आहे. उलट २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. तिथं नावं वेगळी आणि बाण सरळ. नावाच्या जुळणीवर विसंबणारं कुठलंही हत्यार या दोन ठिकाणी उलटं वागेल. ठाणे ते ठाणे जोडेल आणि उस्मानाबाद-धाराशिवपाशी थबकेल. यावर उपाय म्हणून पंचायतराज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका आहे, गावागावाला संकेतांक देणारी. जनगणनेचे सहा आकडी संकेतांक वेगळे. या दोहोंवर मराठी नावं घेऊन उत्तर देणारी एक जुळणीसेवा उभी केली तर ओपनरिफाइनची एक ओळही न बदलता आपल्या निम्म्या याद्या मार्गी लागतील. अंगणातली खोली म्हणतो ती हीच.

पण संकेतांक आले म्हणून निर्णय टळत नाहीत. याबाबत आपलं महसूल खातं संगणकवाल्यांपेक्षा शहाणं आहे, हे म्हणताना मला मौज वाटते. सातबारा हाच मुळी दोन नोंदवह्यांचा जोड: गाव नमुना सात, म्हणजे हक्क कुणाचा, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पीक काय. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कुठं तीन सर्व्हे नंबरांचा एक गट, कुठं एकाचे दोन. हे स्कीमा मॅपिंगच, फक्त बांधावर उभं राहून केलेलं. आणि त्याचे कागद आहेत. जमिनीच्या वादात जुन्या नंबरावरून नव्यावर यायचं तर वकील एकत्रीकरणाचा उतारा काढायला सांगतो. पुढं जे बदल होतात त्यांना गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही. प्रत्येक बदलाला क्रमांक, कशावरून केला ते, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचा शेरा. ही व्यवस्था किती वेळा कशी वाकवली जाते हे प्रत्येक शेतकरी कुटुंब सांगेल. तरीही तिच्यामागची समज पक्की आहे: दोन नोंदी जोडणं ही एक कृती आहे, ती कुणीतरी केलेली असते, आणि तिच्यावर हरकत घेता आली पाहिजे.

ओपनरिफाइनमध्ये याची अर्धी सोय आहे. तुम्ही केलेल्या पायऱ्यांचा इतिहास ते ठेवतं, तो बाहेर काढून दुसऱ्या फायलीवर तसाच चालवता येतो. विकिडेटात माहिती चढवताना आखलेली रचनाही जपून पुन्हा वापरता येते. पण इतिहासात ‘काय केलं’ ते असतं, ‘का केलं’ ते नसतं. आणि एकेका चौकटीत हातानं केलेली दुरुस्ती तर बाहेर काढलेल्या इतिहासात येतच नाही. नेमक्या त्याच दुरुस्त्यांमागे सगळ्यात जास्त विचार असतो. कुणाला फोन केला, कुठला जुना कागद पाहिला, आणि मग ती एक चौकट बदलली. मला कुणी विचारलं की हे हत्यार कुठं वाढवू, तर मी जुळणीची नवी युक्ती मागणार नाही. प्रत्येक बाणाशेजारी एक शेरा आणि एक हरकतीचा रकाना मागेन.

यावर ठरलेलं उत्तर असं येतं की आता भाषिक मॉडेलं आली, ती रकाने वाचून बाण स्वतःच काढतात. काढतात, आणि पुष्कळदा बरोबर काढतात. ‘संपर्क’ आणि ‘अध्यक्ष’ यांच्यातला बाण मॉडेलनंही माझ्याइतक्याच सहज काढला असता, माझ्याइतकाच चुकीचा. फरक एवढा की महिनाभरानं चूक कळली तेव्हा मला आठवत होतं की हे मी गृहीत धरलं होतं. सुचवायला यंत्र असावं, त्याला माझी हरकत नाही. शिक्का कुणाचा, ते लिहिलेलं असावं.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे: हे सगळं सांभाळायचं कुणी? खुल्या हत्यारांचे मालक बदलतात. बेल्जियमच्या मॅट कास्टर्सनं केलेलं, माहिती हलवणारं ‘केटल’ २००५ च्या शेवटी खुलं झालं. त्यातल्या भागांना स्पून, पॅन, किचन अशी नावं, त्यामुळे आमच्याकडे कुणीतरी त्याला ‘किटली’च म्हणायचा. ते पेंटाहो कंपनीकडे गेलं, पुढं हिताचीकडे, आणि २०१९ मध्ये त्यातून ‘हॉप’ फुटलं, ते पुढं अपाचे फाउंडेशनच्या आश्रयाला आलं. त्याच कामाच्या टॅलेंड या हत्याराची फुकट आवृत्ती वर्षानुवर्षं असंख्य छोट्या कचेऱ्यांचा आधार होती. टॅलेंड कंपनी २०२३ मध्ये क्लिक नावाच्या कंपनीकडे गेली आणि ३१ जानेवारी २०२४ ला ती आवृत्ती बंद झाली. परवाना खुला असल्यानं केटलवाल्यांना फुटून निघता आलं, हे खरं. पण ज्यांनी आपले बाण त्या-त्या हत्याराच्या खास बांधणीत ठेवले होते, त्यांना ते हलवताना घाम फुटला. म्हणून मराठी नावांचे नियम आणि गावांच्या जोडण्या एखाद्या एक्सटेन्शनच्या जावा कोडमध्ये पुरून ठेवू नयेत, असं मी आग्रहानं म्हणतो. साध्या मजकुराच्या तक्त्यात ठेवाव्यात: डावीकडचं रूप, उजवीकडचं रूप, संकेतांक, कधीपासून, कशावरून, कुणी. एक्सटेन्शननं तो तक्ता वाचावा. उद्या हत्यार बदललं तर तक्ता उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तक्ता सांभाळायला जावा यावी लागत नाही. निवृत्त तलाठी, शाळामास्तर, पोस्टातली बाई, कुणीही हरकत नोंदवू शकेल.

तसा तक्ता मी अखेर करायला घेतला आहे. जुन्या यादीतल्या नियमांपासून सुरुवात केली. बहुतेक ओळी भराभर सुटल्या. एका वाचनालयाच्या पत्त्यात मात्र फक्त ‘चऱ्होली’ होतं, ना बु. ना खु., आणि पिनकोडचा रकाना कोरा. यादीतला नंबर लागला. फोन उचलणाऱ्या आजोबांना विचारलं, “तुमचं वाचनालय बुद्रुकात की खुर्दात?” ते म्हणाले, “अहो, चऱ्होलीत.” मी पुन्हा विचारलं, “हो, पण कुठल्या चऱ्होलीत?” थोडा वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले, “तुम्ही येणार कुठनं, आळंदीवरनं का दिघीवरनं? तसं सांगतो.” संकेतांकाची चौकट मी कोरी ठेवली आणि ‘कशावरून’च्या रकान्यात फोनची तारीख लिहिली.